नकाशावरचा केर कोण काढणार?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा एपिसोड एका चुकीपासून सुरू करतो, आणि ती चूक माझीच आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी मी पुण्यात खोलीवर बसून ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या गावाकडचा भाग साफ करत होतो. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो: ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे नकाशांचा विकिपीडिया. खातं उघडा, रस्ता काढा, विहीर टाका, देवळाचं नाव लिहा. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव तिथे आहे, आणि ते बऱ्यापैकी मीच भरलंय याचा मला अभिमान वगैरे होता.

तर त्या दिवशी तपासणीच्या टूलने मला एक रेघ दाखवली. एक टोक डांबरी रस्त्यापासून दोन-तीन मीटर अलीकडेच सुटलेलं, दुसरं ओढ्यापलीकडे शेतात संपलेलं. नाव नाही, गाव नाही. उपग्रहाच्या फोटोत त्या जागी नुसतं हिरवं. मी म्हटलं, कुणीतरी नवख्याने काहीतरी गिरवून ठेवलंय. सिलेक्ट, डिलीट, आणि खाली शेरा लिहिला, 'भरकटलेली रेघ काढली'. चहा प्यायला उठलो.

ती आमच्या अप्पांच्या शेताकडे जाणारी पाणंद होती.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी त्या रविवारनंतर मी जे वाचत बसलो त्याची गोष्ट सांगायची आहे. नकाशावर एखादी गोष्ट घालणं आणि नकाशावरून एखादी गोष्ट काढणं, ही दोन कामं सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. गेली वीसेक वर्षं जगभरातले हजारो लोक हे दुसरं काम करतायत, आणि त्याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

नसलेले डोंगर, नसलेलं बेट

सुरुवात कागदी नकाशापासून करू. जेम्स रेनेल हे नाव भारताच्या नकाशांच्या इतिहासात मोठं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला सर्व्हेअर जनरल. त्याचा बंगाल ॲटलस आणि हिंदुस्थानचा नकाशा त्या काळी प्रमाण मानले जायचे. हाच रेनेल पुढे इंग्लंडला परत गेला आणि त्याने १७९८ मध्ये मुंगो पार्क या प्रवाशाच्या माहितीवरून पश्चिम आफ्रिकेचा नकाशा केला. त्यात त्याने एक लांबलचक पर्वतरांग दाखवली, कॉंगचे डोंगर. अशी रांग तिथे नव्हतीच.

पण नकाशा रेनेलचा! पुढच्या नकाशाकारांनी तो बघून आपले नकाशे केले, त्यांचे बघून आणखी कुणी. १८८७ ते १८८९ या काळात लुई-गुस्ताव बिंजे हा फ्रेंच अधिकारी त्या भागातून प्रत्यक्ष फिरला आणि म्हणाला, इथे पर्वतरांग नाही. म्हणजे जवळपास नव्वद वर्षं एक डोंगररांग फक्त कागदावर उभी होती. त्यानंतरही काही ॲटलसमधून ती लगेच गेली नाही.

तुम्ही म्हणाल, जुना काळ होता, चालायचंच. बरं, मग २०१२ घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या समुद्रात सॅंडी आयलंड नावाचं सुमारे २४ किलोमीटर लांबीचं बेट अनेक नकाशांत होतं, गूगल अर्थवरसुद्धा. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'सदर्न सर्व्हेअर' हे ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तिथे गेलं. बेट नाहीच. पाण्याची खोली हजार मीटरच्या वर. १८७६ मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या एका जहाजाने केलेली नोंद नकाशात गेली, नकाशातून किनारपट्टीच्या डिजिटल डेटाबेसमध्ये गेली, आणि तिथून आपल्या स्क्रीनवर आली.

दोन्हीकडे मेख एकच. चूक होणं ही एका दिवसाची गोष्ट असते. पण तिच्या प्रती निघाल्या की ती पुसायला पिढ्या लागतात. कारण 'इथे डोंगर आहे' म्हणायला एका माणसाचा शब्द पुरतो; 'इथे डोंगर नाही' म्हणायला कुणीतरी तिथपर्यंत चालत जावं लागतं.

टिंबं, रेघा आणि वाऱ्यावर सुटलेली टिंबं

आता येऊ २००४ मध्ये. लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. त्याची तक्रार साधी होती. ब्रिटनचे नकाशे सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेकडे, पण ते वापरायचे तर पैसे मोजा आणि अटी पाळा. मग आपणच जीपीएस घेऊन फिरू, रस्ते गोळा करू आणि सगळ्यांना खुले ठेवू.

आतली रचना आजही समजायला सोपी आहे. एक टिंब, म्हणजे नोड: अक्षांश आणि रेखांश. टिंबं क्रमाने जोडली की रेघ, म्हणजे वे. आणि त्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या, म्हणजे टॅग: हा रस्ता, ही शाळा, हे पिण्याचं पाणी. सुरुवातीच्या काळात टिंब आणि रेघ यांच्या मध्ये सेगमेंट नावाचा आणखी एक प्रकार होता, दोन टिंबांमधला तुकडा. ऑक्टोबर २००७ मध्ये तो काढून टाकला. म्हणजे बघा, साफसफाई कधीकधी डेटाची नसते, रचनेचीच असते.

आता भरकटलेला डेटा तयार कसा होतो? सगळ्यात साधा प्रकार म्हणजे पोरकं टिंब. कुठल्याही रेघेत नाही, टॅग नाही, नुसतं अक्षांश-रेखांश. कुणी मुद्दाम टाकतं का असं? नाही. समजा तुम्ही शंभर टिंबांचा एक रस्ता काढला आणि सेव्ह दाबलं. रेघ बनवायला आधी टिंबांचे क्रमांक लागतात, म्हणून एडिटर आधी टिंबं सर्व्हरला पाठवतो आणि मग रेघ. जुन्या पद्धतीत एकेक वस्तू वेगळी जायची. मध्येच नेट गेलं की टिंबं पोचलेली, रेघ राहिलेली. शंभर टिंबं वाऱ्यावर.

उलटं पण व्हायचं. सगळं नीट पोचायचं, पण सर्व्हरचं 'मिळालं' हे उत्तर परत येताना हरवायचं. माणूस पुन्हा सेव्ह दाबायचा. आता तोच रस्ता दोनदा, एकावर एक, तंतोतंत. स्क्रीनवर एकच दिसतो. ज्यांनी कधी पेमेंट अडकल्यावर दुसऱ्यांदा बटण दाबून पैसे दोनदा घालवलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको!

त्यात भर म्हणजे ब्राउझरमधला पॉटलॅच हा एडिटर. सुरुवातीला त्यात लाइव्ह एडिटिंगची सोय होती, म्हणजे माउसने काढलं की थेट खऱ्या नकाशात. 'हे काय असतं बघू' म्हणून आलेला माणूस चार रेघा ओढून निघून जायचा, आणि त्या रेघा मागे राहायच्या.

एप्रिल २००९ मध्ये नवीन एपीआय आला, आवृत्ती ०.६. त्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी दिल्या. एक, चेंजसेट: एका बैठकीतले सगळे बदल एका गठ्ठ्यात, आणि त्यावर शेरा की हे का केलं. दुसरी, बदलांचा अख्खा गठ्ठा एका व्यवहारात पाठवायची सोय: जाईल तर पूर्ण जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही. बँकेत पैसे एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमाच झाले नाहीत असं होऊ नये म्हणून जे करतात, तेच. पोरकी टिंबं यामुळे संपली नाहीत, पण कमी झाली.

इथे सफाई करणाऱ्यांसाठी एक धोका आहे, तो सांगूनच पुढे जातो. पोरकं टिंब दिसलं की काढायचं, असा नियम केला तर काय होईल? कुणीतरी या क्षणी मोठा बदल तुकड्यातुकड्यांनी पाठवत असेल. टिंबं आलीत, रेघ अजून वाटेत आहे. तुम्ही टिंबं उचलून टाकलीत. मागून रेघ आली, सर्व्हर म्हणाला, तू ज्या टिंबांवर उभी आहेस तीच नाहीत. सगळं अडकलं. म्हणून जुने लोक सांगतात की ताज्या टिंबांना हात लावू नका. लग्नाच्या मांडवात रिकामी खुर्ची दिसली की लगेच उचलत नाहीत, कुणीतरी फक्त पाणी प्यायला गेलेला असतो.

अमेरिकेचे सगळे रस्ते, एका दमात

आता मुख्य गोष्ट. केर हा शब्द लहान पडेल, एवढा मोठा पसारा.

अमेरिकेत केंद्र सरकारचा डेटा सार्वजनिक मालकीचा असतो. तिथल्या जनगणना विभागाकडे टायगर नावाची फाइल होती: देशातले सगळे रस्ते, नद्या, रेल्वे, हद्दी. १९९० च्या जनगणनेसाठी, तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या एकास एक लाख प्रमाणाच्या नकाशांवरून आणि शहरांसाठी आधी केलेल्या जुन्या फाइलींवरून ती तयार झाली. फुकट, खुली, अख्ख्या देशाची. ओपनस्ट्रीटमॅपवर तेव्हा अमेरिका जवळपास कोरी होती. तर २००७-०८ मध्ये स्वयंसेवकांनी प्रोग्रॅम लिहून ही अख्खी फाइल, तीन हजारांहून जास्त काउंटी, एकामागून एक नकाशात ओतली.

कोऱ्या कागदावर एकदम देश उमटला. आणि मग लोक झूम करून बघायला लागले.

खेड्यातले रस्ते खऱ्या जागेपासून पन्नास-पन्नास मीटर सरकलेले. सरळ रस्ता नागमोडी, वळणाचा रस्ता सरळ. शेतघराच्या गेटपासून ओसरीपर्यंतची खाजगी वाट आणि जंगलातला लाकूडतोडीचा कच्चा मार्ग, दोघांवर 'वस्तीतला रस्ता' हीच चिठ्ठी. कारण टायगरमध्ये गल्ली, खेड्यातला रस्ता आणि स्थानिक रस्ता यांना मिळून एकच कोड होता, ए४१, आणि आयात करताना त्या कोडचं भाषांतर 'वस्तीतला रस्ता' असं झालं. वाट दाखवणाऱ्या ॲपला वस्तीतला रस्ता म्हणजे गाडी जाणारच. प्रत्यक्षात तिथे दगड, काटेरी तार आणि कुलूप लावलेलं गेट.

त्याहून गमतीचा प्रकार हद्दीवरचा. प्रत्येक काउंटीची फाइल वेगळी आली. त्यामुळे हद्द ओलांडणाऱ्या रस्त्याचं एक टिंब या बाजूला, दुसरं त्या बाजूला, दोन्ही एकाच जागी. डोळ्याला रस्ता सलग. कॉम्प्युटरला मात्र तो तिथे तुटलेला. ॲप म्हणणार, पुढे जाता येत नाही, वळसा घ्या. माझ्या त्या पाणंदीचं सुटलेलं टोक आठवतंय ना? तोच आजार.

इथे एक प्रश्न पडतो. जनगणना विभाग एवढा ढिसाळ होता का?

मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट या प्रश्नाच्या उत्तरात आहे. नाही, ढिसाळ नव्हता. टायगर या नावातच पहिला शब्द टोपोलॉजी आहे. म्हणजे कोण कोणाच्या शेजारी, कोणतं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला, कुठला रस्ता कुठल्या रस्त्याला छेदतो. प्रगणकाला एवढंच हवं असतं. अमुक घर कुठल्या ब्लॉकमध्ये मोजायचं हे कळलं की त्याचं काम झालं. रस्ता पन्नास मीटर सरकलेला असला तरी घर रस्त्याच्या योग्य बाजूला आहे ना? मग माणसं बरोबर मोजली जातात. त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर अचूक होतं. आपण तेच उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावलं, गाडी कुठे वळवू या प्रश्नाला, आणि मग ते चुकीचं ठरलं.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं: ज्याला आपण घाण डेटा म्हणतो, तो पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या कामाचा स्वच्छ डेटा असतो.

आणि वर नशीब बघा. २०१० च्या जनगणनेच्या तयारीत जनगणना विभाग काउंटीमागून काउंटी रस्ते खऱ्या जागी आणत होता. पुष्कळ ठिकाणी ओपनस्ट्रीटमॅपने घेतली ती त्या दुरुस्तीच्या आधीची प्रत. वर्ष-दोन वर्षं थांबले असते तर बरंच काम वाचलं असतं. पण कोरा नकाशा बघत थांबायला सांगणार कोण, आणि ऐकणार कोण?

झाडू कुणी मारला

आयात करणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. प्रत्येक रेघेवर एक चिठ्ठी: तपासलं, नाही. माणसाने रस्ता बघून नीट केला की त्याने ती चिठ्ठी काढायची. म्हणजे केराचीच यादी केरासोबत आली. या चिठ्ठ्या आजही पूर्ण संपलेल्या नाहीत.

सफाई तीन पद्धतींनी झाली.

पहिली, बॉटने. आयातीत प्रत्येक टिंबावरही काउंटीचं नाव, फाइलचा क्रमांक अशा चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या. रस्त्यावरच्या प्रत्येक खडीवर पीडब्ल्यूडीचा शिक्का मारल्यासारखं. त्या बॉटने काढल्या. मग रस्त्यांच्या नावांतली आखूड रूपं. टायगरमध्ये 'एसटी', 'डीआर' असं लिहिलेलं. एसटी म्हणजे स्ट्रीट की सेंट? डीआर म्हणजे ड्राइव्ह की डॉक्टर? डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा ड्राइव्ह असेल तर एकाच नावात दोन्ही! इथे मजा अशी की रेघेवर उरलेल्या टायगरच्या त्या कुरूप चिठ्ठ्याच कामाला आल्या. मूळ नाव कुठलं आणि रस्त्याचा प्रकार कुठला, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं होतं. कुणी उत्साहाने त्या सगळ्या आधीच झाडून टाकल्या असत्या, तर बॉटला अंदाजच बांधावा लागला असता.

दुसरी पद्धत, फोटो बघून हाताने. २०१० च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने बिंगचे उपग्रह आणि विमानातून घेतलेले फोटो ओपनस्ट्रीटमॅपला वापरायला दिले. आता मुंबईतला माणूससुद्धा मोंटानातला रस्ता ओढून जागेवर आणू शकत होता. एकेक टिंब, एकेक वळण. कंटाळवाणं काम, आणि लाखो रस्ते.

तिसरी पद्धत, कामाचे घास करणं. मार्टाइन फान एक्सेल या अमेरिकेत राहणाऱ्या डच मॅपरने मॅपरूलेट नावाची सोय तयार केली. ती उघडली की देशातली कुठलीतरी एक चूक समोर येते: हा रस्ता या रस्त्याला जवळजवळ टेकतोय, पण जोडलेला नाही. बघा, जोडा किंवा 'ही चूक नाही' असं सांगा, की पुढची. बसची वाट बघताना दोन चुका नीट. एवढा मोठा डोंगर पाहून जो माणूस पळून गेला असता, तो दोन खडे उचलायला तयार होतो.

'ही चूक नाही' हे बटण मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण दोन टिंबं एकाच जागी असणं नेहमीच चूक नसते. खाली रस्ता, वर पूल. दोन्हींची टिंबं एकाच अक्षांश-रेखांशावर येऊ शकतात. डोळे मिटून जोडलीत तर गाडी पुलावरून थेट खालच्या रस्त्यावर उडी मारेल, निदान ॲपमध्ये तरी.

याच धर्तीवर अमेरिकेच्या सरकारी स्थळनामांच्या यादीतून शाळा, चर्च, दवाखाने, टपाल कार्यालयं टिंबं म्हणून आली. त्यात बऱ्याच नावांपुढे 'ऐतिहासिक' असा शेरा होता. ऐतिहासिक म्हणजे वारसा वगैरे नव्हे, ही जागा आता अस्तित्वात नाही एवढाच अर्थ. पण आजच्या नकाशावर ती शाळा उघडी. यादीला नावं जपायची होती, नकाशाला आज काय उभं आहे ते दाखवायचं होतं. पुन्हा तेच, दोन प्रश्न आणि एक उत्तर.

आपल्याकडेही याची एक छोटी आवृत्ती आहे. २००७ मध्ये एएनडी या डच कंपनीने नेदरलँड्सचे सगळे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपला दान दिले, आणि सोबत भारत आणि चीनमधले मुख्य रस्ते. आपल्याकडच्या गावांच्या टिंबांवर एएनडीच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या बघायला मिळतात, त्या या दानाच्या. कुणी केर म्हणून काढतं, कुणी खूण म्हणून ठेवतं.

काढणाऱ्यावर कोण लक्ष ठेवणार?

२०१२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपने आपला परवाना बदलला. ज्यांनी नवीन अटींना होकार दिला नाही, त्यांनी काढलेला डेटा ठेवता येणार नव्हता. त्या उन्हाळ्यात एका बॉटने तो देशामागून देश काढून टाकला. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडला याचा मोठा फटका बसला. त्या रस्त्यांत काही चूक नव्हती. कुणीतरी चालत जाऊन मोजलेले रस्ते होते ते. गंमत म्हणजे मॅपरूलेटची आधीची आवृत्ती, तिचं नाव रीमॅप-अ-ट्रॉन, याच गेलेल्या रस्त्यांना पुन्हा काढण्यासाठी जन्माला आली होती.

अशा अनुभवांतून नियम झाले. बॉट चालवायचा तर आधी जाहीर करा, काय करणार ते लिहा, लोकांना बोलू द्या, छोट्या भागावर करून बघा, आणि उलटवायची तयारी ठेवा. इंजिनिअर लोकांना हे नियम जाच वाटतात. मलाही वाटायचे. एका स्क्रिप्टने दहा मिनिटांत दहा हजार चुका नीट होतात, मग मिटिंगा कशाला? कारण त्याच स्क्रिप्टने दहा मिनिटांत दहा हजार चुका तयारही होतात.

आणि प्रतींचं दुखणं अजून तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये कुणीतरी न्यूयॉर्क शहराचं नाव बदलून तिथे ज्यूद्वेषी शब्द टाकला. ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंसेवकांनी तो लवकर काढला. पण मॅपबॉक्स या कंपनीच्या प्रतीत तो शिरला होता, आणि महिन्याच्या शेवटी स्नॅपचॅटसारख्या ॲपवर लोकांना तो दिसला. मूळ जागी केर काढला तरी प्रतींमध्ये तो उरतो. रेनेलच्या डोंगरांचंच नवीन रूप, फक्त नव्वद वर्षांऐवजी काही आठवडे.

पाणंद

तर आता माझ्या रविवाराकडे.

अप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांनी तेव्हा टोमॅटो केला होता. माल भरायला बाहेरगावचा टेम्पो ठरवला. ड्रायव्हरला आमचा भाग नवीन. शेतात रेंज नसते, म्हणून तो फोनवर ऑफलाइन नकाशाचं ॲप वापरतो, आणि त्या ॲपचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा. ॲपने त्याला पाणंदीच्या तोंडावरून सरळ पुढे नेलं आणि ओढ्याला मोठा वळसा घालायला लावला. रात्रीची वेळ, विचारायला कुणी नाही, वाट खराब. टेम्पो शेतावर उशिरा पोचला, माल मार्केट यार्डात उशिरा पोचला, तोवर सकाळचा लिलाव होऊन गेलेला. उरल्या भावात टोमॅटो द्यावा लागला.

गावी गेलो तेव्हा हे सहज बोलण्यात निघालं. अप्पांना नकाशा, ॲप, मी, यांचा काही संबंध माहीत नव्हता. ते म्हणाले, "कुठला मोबाईल बघून आला कुणास ठाऊक. अरे, आजोबांच्या वेळेपासनं त्याच पाणंदीनं बैलगाडी जाते आपली."

मी तिथेच फोन काढून बघितलं. रेघ नव्हती. मग इतिहास उघडला. ओपनस्ट्रीटमॅपवर काढलेली वस्तू खरोखर जात नाही. 'काढली' अशी नवी आवृत्ती बनते आणि जुन्या आवृत्त्या मागे राहतात. शेवटच्या आवृत्तीवर माझं नाव, माझा शेरा: भरकटलेली रेघ काढली. आणि त्याखाली पहिली आवृत्ती, काही वर्षांपूर्वीची. स्रोत या टॅगमध्ये लिहिलेलं होतं: प्रत्यक्ष फिरून, जीपीएस.

म्हणजे कुणीतरी, मला माहीत नसलेलं माणूस, आमच्या शिवारात येऊन ती पाणंद चालत गेलं होतं. मी खुर्चीत बसून ती पुसली. उपग्रहाच्या फोटोत हिरवं दिसलं, कारण पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी आणि करंज वर येऊन भिडल्यात. खालून टेम्पो जातो. वरून रस्ता नाही.

मी अप्पांना सांगितलं. पूर्ण सांगितलं. त्यांना डेटाबेस वगैरे किती कळलं माहीत नाही, पण ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तलाठ्याकडच्या गाव नकाशात पण आहे ती, तुटक रेघांची. ते शेजारचे दरसाल बांध कोरत कोरत आत येतात. एक तर ती तिथं तरी राहू दे, नाहीतर तुझ्यात तरी." ओपनस्ट्रीटमॅप हा काही कायदेशीर कागद नाही, त्याने कुणाची वहिवाट सिद्ध होत नाही, हे मी त्यांना म्हणालो नाही. ते विचारत ते नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर जीपीएस चालू करून आम्ही दोघं ती पाणंद चाललो. मग मी रेघ परत आणली. नवी काढली नाही, जुनीच जिवंत केली, म्हणजे त्या अनोळखी माणसाचं काम त्याच्या नावावर राहिलं. डांबरी रस्त्याजवळचं ते सुटलेलं टोक जोडलं. खरी चूक तेवढीच होती: दोन-तीन मीटरची. टूलने ती बरोबर दाखवली होती. मी जोडायचं सोडून तोडलं.

त्या दिवसापासून मी तीन सवयी लावून घेतल्यात, त्या देऊन थांबतो. काढण्याआधी इतिहास उघडायचा, वीस सेकंद लागतात. आधी नीट करता येतंय का बघायचं, काढणं सगळ्यात शेवटी. आणि वरून कळत नसेल तर हात न लावता तिथे नोंद ठेवायची, 'जवळ राहणाऱ्या कुणीतरी बघा'. टायगर नीट करणाऱ्यांना हे सगळं पंधरा वर्षांपूर्वी कळलं होतं. मला टोमॅटोच्या एका लिलावाच्या किमतीत कळलं, आणि ती किंमतही मी भरली नाही.

तुमच्या गावाचा भाग एकदा उघडून बघा. एखादी अर्धवट रेघ दिसली तर पुसू नका. आधी आजोबांना विचारा, ही कुठे जाते?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.